पॉम्पेई, अर्धा दिवस आणि गाईड: त्या मेसेजला उत्तर

इटलीची सहल ठरली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर पॉम्पेई या नेपल्सजवळच्या, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराबद्दलचा तो लांबलचक मेसेज येतोच. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अर्ध्या दिवसात पॉम्पेई बघणं म्हणजे नुसती धावपळ, पूर्ण दिवस नसेल तर जाऊच नका. गाईड म्हणजे पैसे पाण्यात, फोन पुरतो. लाव्ह्यात सापडून दगड झालेली माणसं आणि तिथलं लक्ष्मीचं देऊळ चुकवू नका. तिकीट दारातच मिळतं. पॉम्पेई स्टेशनला उतरलं की समोरच अवशेष. आणि शेवटी, पाण्याची बाटली रिकामी न्या, आत नळ आहेत. यातलं शेवटचं वाक्य बरोबर आहे. बाकीच्यांचा हिशेब करू.

“अर्ध्या दिवसात काही होत नाही”

हे शहर सुमारे 66 हेक्टरांचं आहे आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश आतापर्यंत उकरून झालंय. एवढं सगळं बघायचं म्हटलं तर एक दिवसही पुरणार नाही. मग पूर्ण दिवस ठरवून जाणारे काय करतात? सकाळी उत्साहात शिरतात, बारापर्यंत पाय बोलायला लागतात, आणि दुपारी सावली शोधत बसतात. आत झाडं कमी, रस्ते उंचसखल दगडांचे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा तडाखा आपल्या मे महिन्याची आठवण करून देणारा. डोळ्यांचंही तेच. विसाव्या घरानंतर प्रत्येक घर सारखंच दिसू लागतं.

साडेतीन तासांत काय बसतं ते मोजून बघा. सकाळी 9 वाजता पोर्ता मरीना दरवाज्यातून आत. बॅसिलिका (न्यायनिवाड्याची आणि व्यवहाराची मोठी इमारत) आणि फोरम (शहराचं मुख्य मैदान) मिळून 40 मिनिटं. फोरमजवळची स्नानगृहं 15 मिनिटं. ‘हाऊस ऑफ द फॉन’ 20 मिनिटं. हे एकच घर सुमारे 3,000 चौरस मीटरचं, चार रस्त्यांमधला अख्खा चौकोन व्यापणारं. वीस वर्षं बंद राहून जानेवारी 2023 मध्ये पुन्हा उघडलेलं वेत्ती बंधूंचं घर, रांगेसह 25 मिनिटं. एक बेकरी 10 मिनिटं, तिथली लाव्हाच्या दगडाची जाती बघायलाच हवीत. स्ताबियन स्नानगृहं 25, दोन्ही नाट्यगृहं 20 मिनिटं. चालण्याचा वेळ धरून हे साडेबाराच्या आत उरकतं. दम असेल तर पुढे मोठ्या रस्त्याने थेट अँफिथिएटरपर्यंत जा आणि तिकडच्याच दरवाज्याने बाहेर पडा. ते इसवी सन पूर्व 70च्या सुमाराचं, आज उभ्या असलेल्या दगडी अँफिथिएटरांमधलं सर्वांत जुनं.

‘व्हिला ऑफ द मिस्टरीज’ मात्र यात बसवू नका. ते गावकुसाबाहेर आहे, वेगळ्या प्रकारचं तिकीट लागतं आणि जाऊन-येऊन तास जातो. सगळं कोंबायच्या नादात अर्ध्या दिवसाची सहल बिघडते ती इथेच.

अर्धा दिवस पुरण्याचं खरं कारण वेगळंच आहे. पॉम्पेईत सापडलेल्या उत्तम वस्तू पॉम्पेईत नाहीतच. त्या नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. फॉनच्या घरातलं अलेक्झांडरचं मोझेक आज जमिनीवर दिसतं ती नक्कल. 1831 मध्ये सापडलेलं मूळ नेपल्सला. म्हणजे उरलेला अर्धा दिवस नेपल्सला द्यायचा. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढा वार टाळा. मेट्रोच्या लाईन 1 वर ‘म्यूझेओ’ नावाचंच स्टेशन आहे.

“गाईड कशाला, फोन आहे की”

पॉम्पेईत पाट्या फार कमी आहेत. घरांवर दिसतात ते आकडे. जुझेप्पे फियोरेल्ली या उत्खनन-प्रमुखाने एकोणिसाव्या शतकात शहराचे नऊ विभाग पाडले, विभागात रस्त्यांमधले चौकोन, चौकोनात दारं, म्हणून फॉनच्या घराचा पत्ता 6.12.2. फोन तुम्हाला त्या दारापर्यंत नेईलही, पण घरं आळीपाळीने उघडतात आणि बंद होतात. दुरुस्ती, माणसांची कमतरता, एखादं छत, कारणं काहीही असोत. आज काय उघडं आहे हे गाईडला सकाळीच माहीत असतं. आपल्याला ते कुलूप बघितल्यावर कळतं.

पण हा वरवरचा फायदा झाला. गाईडचे पैसे वसूल होतात ते रस्ता वाचायला शिकल्यामुळे, आणि तेही पहिल्या अर्ध्या तासातच. दुकानाचा उंबरा घ्या. दगडात लांब खाच कोरलेली असते आणि एका टोकाला ती रुंद होऊन तिथे गोल खळगा असतो. आपल्या जुन्या पेठांतली फळ्यांची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे एका नजरेत कळावं: खाचेत एकेक फळी सरकवत न्यायची, आणि शेवटची फळी खळग्यातल्या खिट्टीवर दारासारखी फिरायची. राहत्या घराच्या उंबऱ्याला अशी लांब खाच नसते. हे एकदा दाखवून दिलं की पुढचा सगळा रस्ता आपोआप दुकानं आणि घरं असा वेगळा होत जातो.

तसेच रस्त्यात मध्येच उभे असलेले मोठे दगड. हमरस्त्यावर पावसाचं आणि सांडपाणी वाहायचं. पाय न भिजवता पलीकडे जायला ते ठेवले. दोन दगडांमधल्या फटीतून गाडीची चाकं जात, आणि त्या चाकोऱ्या फरशीत बोटभर खोल उतरल्या आहेत. चाकोरी कुठल्या बाजूला जास्त झिजली, वळणावर कुठल्या कोपऱ्याला घासली, यावरून अभ्यासकांनी एकेरी वाहतुकीचे रस्तेसुद्धा ओळखले.

फोरममध्ये एका कोनाड्यात मापांचा दगडी ओटा आहे, नुसता बघितला तर ओळीने खळगे. ते धान्याचे आणि द्रवाचे प्रमाणित माप. प्रत्येकाच्या तळाशी भोक, म्हणजे खळगा भरायचा आणि खालून माल काढून घ्यायचा. आपल्या शेर-पायलीला तहसीलीचा शिक्का असावा तशातला हा प्रकार. आधी तिथे ऑस्कन या रोमनांच्या आधीच्या स्थानिक भाषेतली नावं होती. रोमन मापं आली तेव्हा ती खोडून खळगे मोठे केले. शहर कुणाच्या हाती गेलं हे या एका ओट्यावर दिसतं. फोनवाले त्याच्या समोरून सरळ निघून जातात.

फोरमजवळच्या स्नानगृहातही तेच. छताच्या कमानीला लांब पन्हाळी का आहेत? वाफेचं पाणी डोक्यावर न टपकता भिंतीवरून ओघळावं म्हणून. शेजारच्या कोमट खोलीत ब्राँझची मोठी शेगडी आहे, देणगीदार निगिदियस वाक्कुला. वाक्कुला म्हणजे लॅटिनमध्ये कालवड, म्हणून शेगडीवर गाय घडवलेली. देणगीच्या पाटीचा सोस सगळीकडे सारखाच. गरम खोलीतल्या दगडी कुंडाच्या काठावर तर ब्राँझच्या अक्षरांत किंमतही जडवली आहे: 5,250 सेस्टर्स (रोमन नाणी).

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. गाईड थापा मारतात. फरशीत कोरलेलं पुरुषलिंग दाखवून “हा वेश्यालयाचा बाण” असं हमखास सांगितलं जातं. ही चिन्हं बेकरीवर, भिंतींवर, वेश्यालयापासून दूरसुद्धा आहेत. दृष्ट लागू नये म्हणून आपण दारावर लिंबू-मिरची बांधतो त्या जातीची ती असण्याची शक्यता जास्त. तेव्हा गाईड घ्यायचा तो परवानाधारक. गळ्यात फोटोसह ओळखपत्र असतं, ते मागून बघा. स्टेशनबाहेर ‘इन्फो’ची पाटी लावून “रांग टाळा” म्हणत अंगावर येणाऱ्यांच्या हाती पैसे देऊ नका, सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच टळत नाही. ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारा: गटात किती जण, आज वेत्तींचं घर दाखवणार का, आणि तिकीट धरून का वगळून. गट पंधरापेक्षा मोठा असेल तर कानातलं यंत्र मागा, नाहीतर अरुंद घरांत पहिल्या चौघांनाच ऐकू येतं.

“लाव्ह्यात दगड झालेली माणसं”

इसवी सन 79 मध्ये पॉम्पेईवर लाव्हा आलाच नाही. व्हेसुव्हियस ज्वालामुखीतून आधी हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडला, तासन्‌तास. छपरं त्या वजनाने खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी उष्ण वायू आणि राखेचे लोट जमिनीलगत वेगाने आले, तेव्हा शहरात उरलेले मेले. लाव्हाच बघायचा असेल तर पायाखाली बघा: रस्त्याच्या फरश्या त्याच्या आहेत, पण फार जुन्या उद्रेकांतल्या.

आणि माणसं दगड झालेली नाहीत. बारीक राख शरीराभोवती घट्ट बसली, शरीर कुजून गेलं, आत पोकळी उरली. फियोरेल्लीने 1863 मध्ये अशा पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतायला सुरुवात केली. सुकल्यावर राख फोडली की आकार हाती येतो. हाडं त्या प्लास्टरच्या आतच असतात. म्हणजे आपण बघतो तो साचा, पण रिकामा साचाही नव्हे.

“आई शेवटच्या क्षणी बाळाला कवटाळून” वगैरे ओळींपासून तर दूरच राहावं. सोन्याचं कडं घातलेली व्यक्ती आणि तिच्याजवळचं मूल यांना पिढ्यान्‌पिढ्या माय-लेकरू म्हटलं गेलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत ती व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नाही असं दिसलं. जुन्या दुरुस्त्यांमध्ये काही साच्यांचे हावभावही बदलले गेलेत. गाईड अजून जुनीच गोष्ट सांगत असेल तर एवढं एक विचारून बघा.

“लक्ष्मीचं देऊळ”

मेसेजचा हा भाग मराठी घरांत सर्वांत जास्त पुढे ढकलला जातो आणि सर्वांत जास्त चुकीचा आहे. देऊळ नाही. मूर्ती आहे, पण पॉम्पेईत नाही. अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात 1938 मध्ये मोठ्या रस्त्यालगतच्या एका घरात ती सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात, ‘गुप्त दालन’ म्हणतात त्या भागात आहे. तिथे बाकी बहुतेक कामुक चित्रं-शिल्पं असल्याने मुलं बरोबर असतील तर आधी विचार करून शिरा.

हस्तिदंताची, वीतभराहून किंचित उंच. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना प्रसाधनाच्या वस्तू धरलेल्या दोन छोट्या दासी. आता डोक्याकडे बघा: वरून खाली उभं भोक पाडलेलं आहे. पूजेच्या मूर्तीच्या माथ्याला कुणी भोक पाडत नाही. ती एखाद्या वस्तूचा भाग होती, बहुधा आरशाची मूठ किंवा छोट्या आसनाचा पाय. लक्ष्मी हे नाव सापडल्यानंतर पडलं. अनेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. तळाशी खरोष्ठी या भारताच्या वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं अक्षर आहे, म्हणजे प्रवासात ती तिकडच्या कुणाच्या तरी हाताखालून गेली असावी.

आता खरा अभिमानाचा मुद्दा, जो मेसेजात नेमका नाही. याच घडणीच्या हस्तिदंती स्त्री-आकृती महाराष्ट्रात सापडल्या आहेत: धाराशिव जिल्ह्यात तेरला आणि जालना जिल्ह्यात भोकरदनला. तेर म्हणजे ग्रीक व्यापाऱ्यांचं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तगरचा माल गाड्यांतून भडोच बंदराला येतो असं लिहिलेलं आहे. सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिरीचा माल रोमन माणसाच्या घरात पोचला होता, याला देवळापेक्षा भक्कम पुरावा हाच. तेरच्या संग्रहालयातली आकृती आधी बघून गेलात तर नेपल्समध्ये काचेसमोर वेगळंच वाटेल. उलट दिशेचा मालही आहे: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात ठेवली आहे.

तिकीट आणि गाडी

हे पटकन. 15 नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. गर्दीच्या दिवसांत दारात जाऊन बघू म्हणणाऱ्यांना परत फिरावं लागू शकतं. नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, कुठल्याही देशाचे असोत, पण वयाचा पुरावा लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना मोफत. तो दिवस टाळा. 30 × 30 × 15 सेंमीपेक्षा मोठी बॅग आत नेता येत नाही, दाराशी ठेवावी लागते. तेव्हा अँफिथिएटरकडून बाहेर पडायचा बेत असेल तर मोठी बॅग आणूच नका, ती घ्यायला उलट फेरा पडतो.

स्टेशनं एकाहून जास्त आहेत आणि गोंधळ इथेच होतो. पोर्ता मरीनाला जायचं तर नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकातून सोरेन्तोकडे जाणारी चिर्कुमव्हेझुव्हियाना लोकल धरा आणि ‘पॉम्पेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा, पाऊण तासाच्या आत. नुसतं ‘पॉम्पेई’ आणि ‘पॉम्पेई सांतुआरियो’ ही स्टेशनं नव्या गावात, अँफिथिएटरच्या बाजूला. लोकलला आरक्षण नाही, गर्दी आपल्या डोंबिवलीसारखी, खिसेकापूही असतात. पाकीट पुढच्या खिशात. रोमहून जलद गाडीने नेपल्स सव्वा तासावर आहे, त्यामुळे रोमला मुक्काम ठेवूनही सकाळी पॉम्पेई आणि दुपारी संग्रहालय जमतं.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी पियात्झा अँफितेआत्रोचा दरवाजा धरावा. तिथून सपाट केलेली, चाकाच्या खुर्चीलाही चालणारी वाट सुरू होते, तीन किलोमीटरहून थोडी लांब. पोर्ता मरीनाचा चढ आणि गुळगुळीत झालेला दगड गुडघ्यांना मानवत नाही. चपला नकोत, मागे पट्टा असला तरी. चाकोरीत पाय अडकून मुरगळतो.

राहता राहिली ती रिकामी बाटली. जुन्या चौकांतल्या काही दगडी हौदांना आज नवे नळ बसवलेले आहेत आणि पाणी पिण्याचं आहे. भरताना हौदाचा काठ बघा. नळाच्या दोन्ही बाजूंना दगड वाटीसारखा खोल झिजलाय. तोंड पुढे करताना लोक तिथे हात टेकायचे, आणि बाटली भरताना आपलाही हात तिथेच जातो.