आनंदीबाईंच्या माथी मारलेला ‘मा’

गणपती जवळ आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. सोबत शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचा तिन्हीसांजेचा फोटो आणि मजकूर साधारण असा: राघोबादादांनी (म्हणजे रघुनाथरावांनी) पुतण्या नारायणराव पेशव्याबद्दल गारद्यांना, म्हणजे भाडोत्री शिपायांना, ‘नारायणरावांस धरावे’ एवढंच लिहून दिलं होतं, त्यांच्या बायकोने, आनंदीबाईने, गुपचूप ध चा मा करून ‘मारावे’ केलं, भोळ्या दादांना पत्ताच नव्हता, बाईला आपल्या पोराला गादीवर बसवायचं होतं, रामशास्त्र्यांनी तिला दोषी ठरवलं, आणि तेव्हापासून पुण्यात कोणी मुलीचं नाव आनंदी ठेवत नाही. शेवटी ‘खरा इतिहास, पुढे पाठवा’. पाठवा खुशाल, पण आधी जरा तपासून घेऊ.

पहिल्यांदा तो कागद. मेसेजबरोबर कधीकधी त्याचं चित्रही येतं. पिवळट पान, जळक्या कडा, टपोऱ्या देवनागरीत हुकूम, ‘ध’वर काट आणि वर लाल शाईत ‘मा’. पेशव्यांच्या दफ्तरातलं रोजचं लिखाण मोडीत चाले. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत सुटायचं. चित्रातल्यासारखी शब्दाशब्दांत ऐसपैस जागा सोडणारा कारकून शनिवारवाड्यात फार दिवस टिकला नसता. शिवाय खाडाखोड इतकी उघड असेल, तर गारदी फसले कसे? मूळ कागद म्हणाल तर तो आजवर कोणी पुढे आणलेला नाही. १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, तरी नाही.

मग गोष्ट आली कुठून? ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ती नोंदवली. म्हणजे खुनानंतर अर्ध्या शतकाने, आणि तीही ‘असं मानलं जातं’ या थाटात. पुढे १९०९ मध्ये खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने महत्त्वाकांक्षी आनंदीबाई रंगमंचावर उभी केली. नाटक बघून घरी निघालेल्या माणसाला पुरावा कोण मागतो?

पण समजा, अक्षर खरंच बदललं. तरी ‘धरावे’ हा हुकूम कोणाचा होता? राज्यावर बसलेल्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात, भाडोत्री शिपायांकरवी धरायचं, ही काय किरकोळ बाब झाली? ३० ऑगस्ट १७७३ ला जे घडलं ते चिठ्ठीतल्या चुकीने घडावं असं नव्हतंच. कट इतका पिकला होता की त्या दिवशी रघुजी आंग्र्यांनी नारायणरावांना सावध केलं. नारायणरावांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं आणि हरिपंत आधी जेवायला गेले. (आम्हा पुणेकरांची दुपार तेव्हापासूनची आहे म्हणायची.) तेवढ्यात सुमेरसिंग, महंमद युसुफ वगैरे गारदी थकलेल्या पगाराचा कांगावा करत वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांच्या खोलीत गेले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली. ती मिठी सोडवून त्यांना ओढलं ते तुळाजी पवाराने, आणि हा तुळाजी खुद्द दादांचा खिदमतगार. आडवा पडलेला चाफाजी टिळेकर धन्याबरोबर कापला गेला. डफ लिहितो की दादांनी विनवणी केली, पण सुमेरसिंगाने ऐकलं नाही. केली असेलही. पण त्यानंतर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं आणवली ती दादांनीच, आणि गारद्यांना पोटाशी धरलं तेही दादांनीच. ज्याची चिठ्ठी खोडून त्याला कोणी खुनी केलं, तो माणूस आधी मारेकऱ्यांना पकडेल की नाही?

भोळेपणाचा तर विषयच नको. अटकेपर्यंत धडक मारलेला हा सेनापती. १७६२ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांविरुद्ध निजामाला जवळ करून लढला, १७६८ मध्ये धोडपला पुन्हा उठला आणि पकडला गेला. शनिवारवाड्यात तो कैदेत होता तो काही उगाच नव्हे. खुनानंतर बारभाईंनी, म्हणजे त्याच्याविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, हुसकावल्यावर मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊन टाकायला तयार झाला. ती वसई १७३९ मध्ये त्याच्याच काकांनी, चिमाजीअप्पांनी, जिवाची बाजी लावून घेतलेली. त्या वेळी कान भरायला आनंदीबाई जवळही नव्हत्या. गरोदर असल्याने त्यांना धारच्या किल्ल्यात ठेवलं होतं.

आता पोराच्या गादीचा मुद्दा. दुसरे बाजीराव जन्मले १० जानेवारी १७७५ ला, त्या धारच्या मुक्कामात. म्हणजे नारायणरावांच्या खुनानंतर सोळा महिन्यांनी. त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी तर १७८४ चे. ऑगस्ट १७७३ मध्ये दादांच्या घरात मुलगा होता तो दत्तक घेतलेला अमृतराव. ‘आपलं पोर’ गादीवर बसवण्यासाठी आधी ते असावं तरी लागतं.

रामशास्त्री प्रभुण्यांचा निवाडा मेसेजने सरळ उलटा फिरवलाय, आणि मला सगळ्यात चीड याचीच येते. शास्त्रीबुवांनी चौकशी केली आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते रघुनाथरावांना, त्यांच्या तोंडावर, ते पेशवेपदावर असताना. मग नोकरी सोडून वाईकडच्या आपल्या गावी निघून गेले. मराठी राज्यातल्या सर्वांत ताठ कण्याच्या न्यायाधीशाने ज्याच्यावर ठपका ठेवला, त्याला आपण अडीचशे वर्षांनी निर्दोष सोडायचं आणि बायकोला धरायचं? नवरा बिघडला की बायकोने बिघडवला, हे नाक्यावरचं शहाणपण निवाड्याच्या वर बसलंय.

आनंदीबाई साध्याभोळ्या होत्या असं माझं म्हणणं नाही. गुहागरकडच्या ओकांची ही लेक राजकारणातलं सगळं जाणून होती, नवऱ्याच्या महत्त्वाकांक्षेत वाटेकरी होती, आणि कटाची कुणकुण तिला नसेल यावर माझा तरी विश्वास नाही. संशय घ्यायला जागा आहे. पण तशी ती पेशव्यांचे कारभारी सखारामबापूंबद्दलही होती. कटात त्यांचंही नाव घेतलं गेलं. ते बारभाईंच्या पहिल्या पंक्तीत जाऊन बसले. आनंदीबाई १७८३ मध्ये विधवा झाल्या, नाना फडणविसांच्या पहाऱ्यात नाशिकजवळ आनंदवल्लीला राहिल्या आणि १७९४ मध्ये गेल्या. बापूंच्या नावाने मात्र भाषेत एकही वाक्प्रचार रुळला नाही.

राहिलं नाव. गोपाळराव जोश्यांनी लग्नानंतर बायकोचं ‘यमुना’ बदलून ‘आनंदी’ केलं आणि ती १८८६ मध्ये डॉक्टर झाली. धोंडो केशव कर्वे तर पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांचं नाव ठेवलं आनंदीबाई. विधवेशी लग्न म्हणून गाव तुटून पडलं होतं, त्यात नाव बदलायला कोणी भाग पाडलेलं नव्हतं. आमच्या ग्रुपवर हे टाकलं तर उत्तर म्हणून तोच दिल्ली दरवाज्याचा फोटो पुन्हा आला, ‘काका मला वाचवा’ अशी नवी ओळ जोडून.