पन्नासची नोट माझ्याकडेही आहे रे!

काढा ना फोटो. हवे तेवढे काढा. फोन तुमचा, सुट्टी तुमची, पैसे तुमचे. पण काढलेले सगळेच्या सगळे, एकही न गाळता, आमच्या डोक्यावर आणून ओतायचे हा कुठला न्याय?

आमचा एक मामेभाऊ परवा सहकुटुंब हंपीला जाऊन आला. परतीची गाडी अजून बेळगावातही पोचली नसेल, तोवर घरच्या ग्रुपवर पूर. पूर्वी व्हॉट्सॲपवर एका दमात तीसच फोटो जायचे. 2023 मध्ये ते शंभर केले. कोणी मागितलं होतं? आमच्या भावानेच अर्ज केला असणार. शंभराचे गठ्ठे एकामागून एक पडत होते आणि माझा फोन ओट्यावर थरथरत थरथरत कुकरपर्यंत सरकला.

क्रम तर विचारूच नका. आधी ढाब्यावरची जेवणाची ताटं, मग सूर्योदय, मग परत ढाबा, मग चालत्या गाडीच्या काचेतून काढलेलं काहीतरी हिरवं, ज्यात डॅशबोर्डवरच्या गणपतीचं प्रतिबिंब. एकच पोझ सहा-सात वेळा. एकात डोळे मिटलेले, एकात मिटत आलेले, एकात मागचा अनोळखी माणूस शिंकतोय. त्यातला बरा एक निवडायचा तुला कंटाळा आला, म्हणून ते काम अख्ख्या खानदानाला वाटून दिलंस होय?

तरी एखाद्या रिसॉर्टचे असते तर सोडून दिलं असतं. हंपी आहे हो ती! मला गुडघ्यांमुळे तिथे जाणं होत नाही, म्हणून मी हौसेने एकेक फोटो उघडून बघत बसले. बसले आणि फसले. विठ्ठल मंदिराच्या आवारातला दगडी रथ, पन्नासच्या नोटेवर आहे तो. रथ म्हणायचं, पण खरं तर ते गरुडाचं देऊळ. पुढे जे दोन हत्ती दिसतात ते मागाहून आणून ठेवलेले. मुळात तिथे घोडे होते आणि त्यांचे मागचे पाय अजून हत्तींच्या पाठीमागे दगडात शिल्लक आहेत. मला ते पाय बघायचे होते. एवढंच. रथाचे फोटो मोजायची सोय नाही इतके, आणि प्रत्येकात नेमक्या त्या जागी भावाचं कोपर. नाहीतर वहिनीची ओढणी. नाहीतर दोघांची मुलं, बोटांनी 'व्ही' करून.

आणि ती नोट! हल्ली तिथे म्हणे रीतच पडली आहे, रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढायचा. धरा बापडे. पण फोन बिचारा जवळचं बघतो. त्यामुळे नोट लख्ख, तिच्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतो, आणि मागे रथ म्हणून एक राखाडी ढेकूळ. अरे बाबा, पन्नासची नोट माझ्याकडेही आहे. डाळीच्या डब्याखाली ठेवलेली आहे. ती बघायला हंपीला कशाला जायला हवं?

पण कळस तो नव्हे. कळस विरूपाक्ष मंदिरातला. तिथे आतल्या एका अंधाऱ्या खोलीत बारीकशा झरोक्यातून उजेड येतो आणि बाहेरच्या गोपुराची सावली समोरच्या भिंतीवर उलटी पडते. नऊ मजली, सुमारे 50 मीटर उंच गोपूर, ते शेंडा खाली पाया वर असं भिंतीवर उमटतं. भिंग नाही, यंत्र नाही. कॅमेरा ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व, त्या दगडी खोलीत आपलं आपण चालू आहे. फोटो काढणाऱ्या माणसाने तर तिथे पाच मिनिटं तोंडात बोट घालून उभं राहायला हवं. आमच्या भावाने काय केलं? फ्लॅश मारला. सावलीवर! फ्लॅश! फोटोत पांढरीफटक भिंत, वर पोपडे, कडेला कुणाची तरी चप्पल हातात धरलेली. आणि ती पांढरी भिंत त्याने तीनदा पाठवली. खाली लिहिलंय, 'अमेझिंग'.

पूर्वी रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, रोल धुवायला टाकायचा, प्रत्येक प्रिंटचे पैसे पडायचे, तेव्हा माणूस बटण दाबायच्या आधी नीट बघायचा तरी. अर्थात लोक तेव्हाही छळायचेच. अल्बम मांडीवर ठेवून 'हे आमचं हॉटेल, हा हॉटेलचा जिना' असं चालायचं. पण निदान समोर चहा-चिवडा यायचा, आणि यजमानाला एकेका फोटोपाशी स्वतःही बसावं लागायचं. आता हा पाठवून मोकळा, आणि बघायची जबाबदारी आपली.

न बघून चालतंय का, तर तेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "ताई, बघितलेस का गं फोटो? काही बोलली नाहीस." म्हणजे हा माणूस हजेरी घेतोय! आत्याने तीन नमस्कार टाकले, काकांनी 'सुंदर जोडी' लिहिलं (पांढऱ्या भिंतीखाली लिहिलं, त्यांनीही न बघताच लिहिलं असणार), मग माझं मौन डोळ्यावर येतं. वर तेच फोटो स्टेटसला, तेच फेसबुकवर, तेच इन्स्टावर. भाचा म्हणतो, "मावशी, ऑटो डाऊनलोड बंद कर." केलं रे बाबा. आता त्या धुरकट चौकोनांवर एकेक टिचकी मारून बघावं लागतं, कारण परीक्षा तोंडी असते.

त्या फोनवरच मी त्याला म्हटलं, "मला एकच फोटो हवाय. विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्याचा." पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने विजयनगरला, म्हणजे आजच्या हंपीला नेली आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही गोष्ट आमच्या आजीने आम्हा सगळ्या नातवंडांना सांगितलेली. यालाही. शेजारी बसून ऐकली आहे त्याने. तो गाभारा आज मूर्तीवाचून आहे, आणि मला तो रिकामा गाभाराच बघायचा होता.

म्हणाला, "अगं, तिथे आत काहीच नाहीये. मूर्तीच नाही. म्हणून नाही काढला."

ढाब्यावरच्या ताकाच्या ग्लासाचे चार फोटो आहेत. चार! मी काही बोलणार तेवढ्यात यालाच माझी दया आली. "थांब, व्हिडिओत कुठेतरी असेल," म्हणाला, आणि फोन ठेवला.

आता व्हिडिओ येतायत.