‘अनधिकृत’ या एका शब्दाबद्दल

नोकरीत असताना मी काही वर्षं विधिमंडळात आमदार विचारतात त्या तारांकित प्रश्नांची उत्तरं करायच्या टेबलावर होते. खातं कुठलं ते सांगत नाही. अधिवेशन लागलं की घरी जायला रात्रीचे दहा ठरलेले. प्रश्नाचा साचा एकच: ‘अमुक गावात तमुक झाल्याचे माहे जानेवारीमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?’ उत्तराचा साचाही तयार असायचा. ‘हे खरे नाही.’ त्याच्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही.’

एकदा एका गावच्या पाण्याच्या टाकीत अळ्या सापडल्याचा प्रश्न आला. अळ्या सापडल्या होत्या. फायलीत फोटो लावलेला होता. पण तक्रारीचं पत्र डिसेंबरचं होतं आणि प्रश्नात महिना जानेवारी पडला होता. साहेबांनी मसुद्यावर लाल शाईने लिहिलं, ‘हे खरे नाही’. मी ते टाईप केलं आणि सहीला ठेवलं. त्या उत्तरातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्या गावच्या बायका तेच पाणी भरत होत्या. आज इतक्या वर्षांनीही मला ते टोचतं.

म्हणून पेगॅसस या फोनमध्ये गुपचूप शिरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल सरकारचा खुलासा आला की मी आधी वाक्य कसं बांधलंय ते बघते.

ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी व्हॉट्सॲपने पेगॅसस बनवणाऱ्या इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. पेगॅससने लक्ष्य केलेले जगभरातले सुमारे १४०० फोन, त्यात भारतातले १२१. भीमा-कोरेगाव खटल्यातल्या आरोपींचे नागपूरचे वकील त्यात होते, अभ्यासक-लेखक आनंद तेलतुंबडे होते. एनएसओ म्हणत होती, आम्ही फक्त सरकारी यंत्रणांना विकतो. मग साहजिकच प्रश्न उरला तो एवढाच की भारतात घेतलं कोणी?

१९ नोव्हेंबरला लोकसभेत द्रमुकचे खासदार दयानिधी मारन यांनी नेमकं हेच विचारलं. लेखी उत्तरात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आलं, टेलिग्राफ कायद्याचं कलम ५ आलं, दोन्ही सरकारला संदेश अडवायचा अधिकार देणारी. हो की नाही, ते आलंच नाही. नंतर राज्यसभेत तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद म्हणाले की माझ्या माहितीप्रमाणे अनधिकृत पाळत ठेवलेली नाही. पुढे १८ जुलै २०२१ ला पत्रकारांनी पेगॅससच्या संभाव्य लक्ष्यांच्या नंबरांची यादी बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी नवे माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव लोकसभेत म्हणाले, आपल्याकडे कायद्याची बंधनं आहेत, बेकायदा पाळत शक्य नाही. खुद्द त्यांचा नंबर यादीत असल्याची बातमी त्याच दिवशी आली. (यादीत नंबर असला म्हणजे फोनमध्ये शिरकाव झालाच, असं होत नाही. हेही सांगायला हवं.) ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाने सांगितलं, आमचा एनएसओशी काही व्यवहार नाही. गुप्तचर संस्थांपैकी आयबी गृह मंत्रालयाकडे, रॉ मंत्रिमंडळ सचिवालयाकडे. उत्तर दिलं संरक्षणने.

‘अनधिकृत’, ‘बेकायदा’, ‘माझ्या माहितीप्रमाणे’, ‘या मंत्रालयाने’. प्रत्येक शब्द आमच्या लाल शाईचा आहे. यातल्या एकाही वाक्याने सगळ्या सरकारच्या वतीने खरेदी नाकारलेली नाही.

अधिकृत म्हणजे तरी काय? फोन ऐकायचा आदेश गृह सचिव काढतात आणि तो तपासते सचिवांचीच समिती. न्यायाधीश कुठेच नाही. केंद्राकडून महिन्याला सरासरी साडेसात ते नऊ हजार आदेश निघत, हे माहिती अधिकारात बाहेर आलं होतं. २०१८ मध्ये खासगी माहितीच्या संरक्षणावर नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने लिहून ठेवलंय की तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तिच्यापुढे असतात. मी समित्यांच्या बैठकांना चहा-बिस्किटांसह बसलेली बाई आहे. इतके कागद कोणी वाचत नाही, गठ्ठ्यावर एक सही होते.

कोर्टाने एखादा आदेश उघडून बघितला की काय निघतं, ते आपल्या मुंबईतच दिसलं. २२ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. लाचेचं प्रकरण होतं. सार्वजनिक सुरक्षिततेचा तिथे संबंधच नव्हता, असं कोर्ट म्हणालं. ते आदेश होते २००९-१० चे. त्या माणसाला न्याय मिळायला जवळजवळ दहा वर्षं गेली, आणि तेही खटला झाला म्हणून फोन ऐकल्याचं त्याला कळलं. बाकीच्यांना कळणार कसं?

देशाच्या सुरक्षेच्या गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत, हे मला मान्य आहे. माझा भाचा सैन्यात आहे. पण कोणाचे फोन ऐकलेत त्यांची यादी कोणीच मागत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ ला केंद्राचा नकार सरसकट आणि मोघम ठरवला, आणि सुरक्षेचं नाव घेतलं की दरवेळी मोकळीक मिळणार नाही असं सांगून समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हे सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. अहवाल बंद लिफाफ्यात राहिला.

माझ्या शेजारच्या निवृत्त बाई शाळेच्या संस्थेच्या वादाबद्दल बोलायच्या आधी फोन उचलून स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्यामागे ठेवून येतात. ‘फोनवर नको, ये ना घरी,’ असं माझी बहीणही म्हणते. त्यांचे फोन कोणी ऐकत असेल असं मला वाटत नाही. पण ‘कोणी ऐकत नाही हो’ असं त्यांना मी कशाच्या आधारावर सांगू? आणि उद्या सरकारने अगदी खरा नकार दिला तरी या दोघी तो मानणार नाहीत. त्यांना संशयी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. २०१९ पासून एका सरळ प्रश्नाला बगल दिल्यावर माणसांनी दुसरं काय करायचं?

प्रश्न मी लिहून देते, जुन्या सवयीने:

(१) केंद्र शासनाच्या कोणत्याही मंत्रालयाने, विभागाने अथवा यंत्रणेने, थेट किंवा मध्यस्थामार्फत, एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे सॉफ्टवेअर कधीही खरेदी केले अथवा वापरले, हे खरे आहे काय?

उत्तरात कलम नको, विशेषण नको. ‘हे खरे नाही’ असं सहीनिशी आलं तर मी ते डाळीच्या डब्यावर चिकटवून येईन.