जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधी काळा पडदा

"जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण आम्ही परभणीकर ओळख झाल्या झाल्या समोरच्याला ऐकवतो, आणि त्यानं पुरावा मागितला की चहा मागवतो. माझ्याकडं मात्र आता पुरावा आहे. लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टीमवर, केडीई नावाचं जे डेस्कटॉप चालतंय ते १९९६ साली जर्मनीत ट्यूबिंगनच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिख नावाच्या पोरानं सुरू केलं, आणि तेच डेस्कटॉप सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणापासून, बांधायच्या नादात इकडं वसमत रोडला भर मे महिन्यात एक माणूस बनियनवर बसून कीबोर्डवर घाम गाळत होता. जर्मनी झाली, परभणी झाली. मधी फक्त काळा पडदा होता.

नॉर्मल माणूस काय करतो, पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे तयार बांधलेलं लिनक्स, घेतो, टाकतो, नेक्स्ट नेक्स्ट करतो आणि जेवायला जातो. मला कुठून बुद्धी सुचली माहीत नाही, मी लिनक्स फ्रॉम स्क्रॅच धरलं. जेरार्ड बीकमन्स म्हणून एक जण आहे, त्यानं १९९९ मध्ये हे प्रकरण सुरू केलं, म्हणजे फुकटात वाचायला मिळणारं एक पुस्तक, त्यात प्रत्येक पॅकेजचा सोर्स कसा आणायचा, कसा कंपाइल करायचा, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम कसा करायचा, ते ओळीओळीनं लिहिलेलं, आणि आपण ते करत बसायचं. पहिल्यांदा कंपायलर बांधायचा. मग त्या कंपायलरनं परत कंपायलर बांधायचा. मग आधीच्या सिस्टीमची सावलीपण राहू नये म्हणून आत जाऊन तोच कंपायलर तिसऱ्यांदा बांधायचा. बायको एकदा मागं उभी राहून बघत होती, म्हणली, "अहो, सकाळपासून तेच तेच करायलात का?" आता ह्याला हो म्हणावं का नाही म्हणावं.

ह्या पुस्तकाची एक गंमत आहे, ते वेळ तासात सांगतच नाही. बायनयुटिल्स नावाचं पहिलं पॅकेज तुमच्या मशीनवर बांधायला जेवढा वेळ लागंल तो एक एसबीयू, आणि तिथून पुढं सगळा हिशोब एसबीयूत. ऐकायला लई शास्त्रशुद्ध. पण हे लिहिणाऱ्यानं परभणीचा उन्हाळा बघितलेला नसणार. मी माझा एसबीयू मोजला जानेवारीत, अंगावर स्वेटर होतं, आणि क्यूटी, म्हणजे केडीईला खिडक्या-बटनं काढायला लागणारं सामान, बांधायला बसलो मे मधी, जेव्हा कृषी विद्यापीठाच्या तापमानाचा आकडा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि लोक त्यावर पैज लावल्यावानी बोलतात. प्रोसेसर एका हद्दीबाहेर तापला की आपणहून स्पीड कमी करतो, त्यामुळं जानेवारीचा एसबीयू मे मधी काही कामाचा राहिला नाही. मग मी कॅबिनेटचं झाकण काढलं आणि कूलरचं तोंड तिकडं फिरवलं. आईनं ते बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "लेकरं घामानं निथळायलीत आन् हा डब्याला हवा घालायलाय! टँकरचं पाणी हाय रे त्या कूलरमधी!" दमट हवा मशीनला चांगली नसते हे आठवल्यावर मीच कूलर परत फिरवला, पण श्रेय आईनं घेतलं.

बरं, नुसती सिस्टीम बांधून भागत नाही. लिनक्स फ्रॉम स्क्रॅच संपलं की तुमच्या हातात काय येतंय तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणि एक टिमटिमणारा ठिपका. चित्रं, खिडक्या, माऊस हे सगळं पुढच्या पुस्तकात. तिथं केडीईचं पान उघडलं तर ते म्हणतंय आधी क्यूटी पाहिजे, मग फ्रेमवर्क्स नावाचे सुटे भाग, ते सत्तरेक, मग प्लाझ्मा, म्हणजे खुद्द डेस्कटॉप. क्यूटीच्या वेबइंजिनात तर आख्खं क्रोमियम भरलेलंय, म्हणजे आपण डेस्कटॉप बांधायलाव म्हणून सुरू केलं आणि मधीच एक ब्राउझर पण बांधून होतो, फक्त तो वापरता येत नाही. आठ जीबीची रॅम त्याला काय पुरणार. चार कामं एका टायमाला लावली की कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मधीच येऊन कंपायलरच्या सीसीवन प्लस नावाच्या बिचाऱ्या प्रोसेसला मारून टाकायचा आणि वर लिहून ठेवायचा, आउट ऑफ मेमरी, अमक्याला मारलं. कबुली एकदम रोखठोक. मग चारची दोन कामं केली, दोनची एक केलं, आणि रात्र रात्र पंख्याचा घुं घुं आवाज ऐकत पडलो.

भाचा सुट्टीला आलेला. बारावीचं पोरगं. रोज उठून एकच डायलॉग, "मामा, उबुंटू टाकून द्या की." त्याला आंबे खायला बाहेर पाठवायचो.

आता लाईटीचं. उन्हाळ्यात आमच्याकडं लाईट जाते ह्यात सांगण्यासारखं काही नाही, सांगण्यासारखं हे आहे की ती कधी जाते. नुसतं मशीन चालू ठेवून पेपर वाचत बसलं तर जात नाही. कंपाइल नव्वद टक्क्यांवर आलं की जाते. घरात इन्व्हर्टर आहे पण बॅटरी म्हातारी, दोन बल्ब आणि आबांच्या खोलीतला पंखा एवढंच ती ओढते, आणि त्या पंख्याची वायर काढायची हिंमत घरात कुणात नाही. त्यात मदरबोर्डवरचा सीमॉसचा, म्हणजे मशीनचं घड्याळ चालू ठेवणारा, सेल मेलेला. त्यामुळं लाईट आली की मशीन सरळ २००९ सालात उठायचं. मग मेक, म्हणजे बांधकामावरचा मुकादम प्रोग्राम, बोंबलायचं की ही फाइल भविष्यातली आहे, घड्याळात घोळ आहे, बिल्ड अर्धवट असू शकते. आणि सोर्स उतरवायला गेलं तर मेसेज यायचा की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, अजून लागूच झालेलं नाही, कारण आमच्या मशीनच्या मते ते अजून जन्मालाच यायचंय. सेल साधा बटनसेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बसवला तेव्हा कुठं मी, मशीन आणि घरची मंडळी एका सालात आलो.

शेवटी एकदाचं सगळं बांधून झालं. घरच्यांना बोलावलं. बायको हात पुसत आली, आबा काठी टेकत आले, भाचा मोबाईल काढून शूटिंग करायला उभा राहिला. स्टार्टएक्स, म्हणजे चित्रांचा पडदा चालू करायची कमांड, टाईप केलं आणि एंटर मारला. स्क्रीन काळी झाली, मधी माऊसचा बाण आला, बाण हलला पण, आणि मग सगळं गायब होऊन परत तीच पांढरी अक्षरं. आबा म्हणले, "झालं का?" म्हणलं, अजून थोडं बाकी आहे. ते म्हणले, "मग झाल्यावर बोलव ना," आणि गेले. भाच्यानं शूटिंग ठेवून घेतलंय, अजून डिलीट करत नाही.

स्क्रीनवर काय लिहून आलं होतं बघा. क्यूटीला एक्ससीबी नावाचा प्लगिन, म्हणजे एक्स ह्या पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामशी बोलणारा जोड, सापडला, पण सापडूनही लोड करता आला नाही. आता ह्याचं माणसानं काय करायचं? वर एक टीप, की क्यूटी ६.५ पासून ह्याला एक्ससीबी कर्सर नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारी तयार कोडची फाइल, लागते. बघितलं तर ती होती. तरी परत बांधली. मेसेज तोच. नंतर कळालं की हा प्लगिन कुठल्याही कारणानं रुसला तरी क्यूटी तीच टीप चिकटवून देतंय. एक्सच्या लॉगमधी बघितलं, तिथं दोन ईच्या खुणा असल्या म्हणजे एरर, तर तिथं एकही नाही. ग्राफिक्सचं फर्मवेअर बघितलं, ठीक. डीबस, म्हणजे प्रोग्रामांचा आपसातला निरोप्या, चालू. लॉगिन तपासणाऱ्या पॅमनंतर सगळ्या सेवा चालू करणारं सिस्टमडी परत बांधायचं असतंय, नाहीतर लॉगिन सेशन तयार होत नाही, ते पण केलेलं. जिथं हात लावावा तिथं सगळं शाबूत, आणि पडदा काळाच.

आणि ह्यात खरा त्रास कुठला सांगू का, शिव्या कुणाला द्यायच्या हेच कळेना. आपल्याकडं ही सोय कधी कमी पडत नाही. रस्त्याला खड्डा असला की ठेकेदार, सोयाबीन गेलं की पाऊस, भाव पडला की सरकार, पोराला मार्क कमी पडले की मास्तर. विंडोजवाल्यालाही कंपनी असते. इथं कंपायलर मी बांधलेला, कर्नल मी निवडलेला, पासवर्ड पण माझाच, आणि पुस्तक फुकट मिळालेलं, म्हणजे पैसे परत मागायची पण सोय नाही. जेवणावर बसलं तरी भाकरीचा घास हातात धरून मी भिंतीकडं बघायचो. आईला वाटलं कुणाचं उसनं बुडालं.

त्यात शेजारचे काका. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतो एवढीच माझी गल्लीत कीर्ती, त्यामुळं ते रोज सांच्याला गेटातूनच आवाज द्यायचे, "झालं का रे चालू? सातबारा काढायचाय, पीक विम्याला लागतोय." म्हणलं, काका, होईल. ते म्हणायचे, "घाई नाही, पण तारीख जवळ आलीय." ह्या वाक्यातली कुठली अर्धी गोष्ट खरी धरायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

मग एका रात्री, सगळे गच्चीवर झोपायला गेल्यावर, क्यूटीला सांगितलं बाबा तू प्लगिन उघडताना काय काय करतोस ते सगळं मोठ्यानं बोल. तशी एक सेटिंग असते, क्यूटी डीबग प्लगिन्स, तिला एक द्यायचं. मग तो जो बोलायला लागला, पानंच्या पानं, हे उघडलं, ते वाचलं, इथं गेलो, तिथं गेलो, आणि त्या सगळ्या बडबडीत मधीच एक ओळ. लिबएक्सकेबीकॉमन एक्स११ नावाची कीबोर्डची लायब्ररी, फाइल टू शॉर्ट, म्हणजे फाइल फारच आखूड.

टू शॉर्ट? यादी काढली तर फाइल जागेवर होती, नाव बरोबर, व्हर्जन बरोबर, लिंका बरोबर. मग लांबलचक यादी काढली, ज्यात साइज पण दिसते. साइज शून्य. रोजगार हमीच्या हजेरीपटावर नाव, अंगठा, बापाचं नाव, गाव सगळं व्यवस्थित आणि कामावर माणूसच नाही, अगदी तोच प्रकार, फरक एवढाच की इथं पगार उचललेला नव्हता.

मग डोक्यात ट्यूब पेटली. क्यूटी बांधून झाल्यावर, पुढंमागं वेलँड, म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत, पण चालवून बघू म्हणून मी ही कीबोर्डची लायब्ररी वेलँडसकट परत बांधली होती. निंजा इन्स्टॉल ही फायली जागेवर बसवायची कमांड मारली, काम झालं म्हणून ओळ पण आली, आणि त्याच क्षणाला लाईट गेली होती. होतं काय, की फाइल कॉपी झाली म्हणून आपल्याला सांगतात तेव्हा माल अजून रॅममधीच असतो, डिस्कवर सावकाश उतरतो. ईएक्सटी४ मधी, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या आमच्या पद्धतीत, नाव आधी डिस्कवर नोंदलं जाऊ शकतंय आणि आतला माल मागून येतो, आणि नेमकी मधी लाईट गेली की नाव राहतं, माल जातो. शेजारची मुख्य लायब्ररी वाचली होती, म्हणून बाकी कशालाच काही झालं नव्हतं. फक्त ही एक गेलेली, आणि एक्ससीबी नेमका हिच्याच भरवशावर बसलेला.

म्हणजे लाईट! इतके दिवस मी कर्नल तपासला, पॅम तपासला, स्वतःचं चारित्र्य तपासलं, आणि कारण निघालं लाईट. काय आनंद झाला म्हणून सांगू. शिव्या द्यायला हक्काचं माणूस सापडलं होतं. मी तसाच गच्चीवर गेलो आणि ओरडलो, "लाईटच होती!" बायको दचकून उठली, म्हणली, "आली का?" आबांनी कूस बदलली आणि चादरीच्या आतूनच म्हणले, "मग दुसरं काय असतंय?" एवढ्या पानांचं डीबगिंग वाचून मी जिथं पोचलो तिथं हा माणूस झोपेत होता.

परत इन्स्टॉल केलं, सिंक मारलं म्हणजे रॅममधला माल लगेच डिस्कवर उतरतो, बाकी कुणी रिकामं बसलंय का म्हणून शून्य साइजच्या फायली शोधल्या, लायब्रऱ्यांची यादी करणारं एलडीकॉन्फिग पण चालवलं, कारण रिकामी लायब्ररी दिसली की ते नावासकट चुगली करतंय. मग स्टार्टएक्स. काळा पडदा, बाण, आणि ह्या वेळी खाली पट्टी आली, कोपऱ्यात घड्याळ आलं, निळा वॉलपेपर आला. आवाज नव्हता, ते जाऊ द्या. मराठी नावांच्या फोल्डरखाली नुसते चौकोन चौकोन होते कारण देवनागरीचा फॉन्टच टाकलेला नव्हता, तो लोहितचा आणून टाकला आणि फॉन्टची कॅश नवी केली, की "शेतीची कागदं" म्हणून अक्षरं उमटली. भाचा आला, बघितलं, म्हणला, "उबुंटूत पण असंच दिसतंय मामा." त्याला परत आंबे आणायला पाठवलं.

सांच्याला काकांचा आवाज आला आणि ह्या टायमाला मी स्वतः गेट उघडायला गेलो. काका आत आले, खुर्चीवर बसले, स्क्रीनकडं बघून म्हणले, "अरे वा, रंगीत झालं की. काढ बरं सातबारा."

म्हणलं काका, काढतो, फक्त त्याला ब्राउझर लागतंय, म्हणजे फायरफॉक्स बांधावं लागंल, फायरफॉक्सला रस्ट लागतंय, रस्टला एलएलव्हीएम चांगलं, आणि मग प्रिंटर चालवायला कप्स नावाचं एक, ते छोटंय तसं. काका माझ्याकडं बघत राहिले, मग बायकोकडं बघितलं.

बायकोनं चहा पुढं ठेवला आणि म्हणली, "काका, तुम्ही सेतूत जा. आन् येतानी आमचा बी काढून आणा."