पंप उशीखाली लपवू नका

लग्न करून, बदली होऊन किंवा शिकायला म्हणून बेळगावात आलेलं माणूस वर्ष-दोन वर्षांत सारखं शिंकायला-खोकायला लागलं की आजूबाजूचे सगळे एकच निदान करतात : "हवा मानवत नाही." आणि ते माणूस सून असेल तर त्याला जोडून दुसरं वाक्य येतंच, "माहेरूनच घेऊन आली असेल." या दोन वाक्यांपायी माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांची वर्षं वाया गेली आहेत. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण अ‍ॅलर्जी आणि दम्याचं हे सगळं दुखणं अंगावर काढलेलं आहे, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगोल्याकडची. आमच्याकडे भिजलेली वाकळ दुपारपर्यंत वाळून कडक होते. लग्न होऊन आले बेळगावातल्या अनगोळला. बेळगाव अडीच हजार फुटांवर, घाटमाथ्याला लागून. शहरात वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस, म्हणजे सांगोल्याच्या दुपटीहून जास्त. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला, त्याहून कितीतरी अधिक. आणि याच जिल्ह्याच्या पूर्वेला अथणी आमच्यासारखीच दुष्काळी. म्हणजे अथणीची मुलगी खानापुरात दिली तर जिल्हा तोच राहतो, पण श्वासात जाणारी हवा पार बदलते. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. इथला गारवा मलाही मनापासून आवडतो. त्या गारव्याबरोबर येणाऱ्या ओलीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

मला पहिला पावसाळा अगदी छान गेला. त्रास सुरू झाला तो नंतर. आधी सकाळच्या शिंका, मग नाक बंद, मग रात्री छातीत घरघर, पहाटे खोकल्याची उबळ. तेव्हा घरीदारी सगळ्यांनी विचारलं, "पहिल्या वर्षी काही झालं नाही, मग आत्ताच कसं?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या प्रश्नात अविश्वास होता. त्याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं. अ‍ॅलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. नवीन परागकण, नवीन बुरशी, नवीन धूळ आधी शरीरात जाते. काही जणांचं शरीर तिला शत्रू समजून तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रथिनं तयार करतं. या तयारीला एखादा हंगाम लागतो, कधी दोन-तीन. त्यानंतर तीच धूळ परत नाकात गेली की शिंका, पाणी, सूज, घरघर सुरू होते. म्हणजे पहिलं वर्ष बरं जाणं आणि तिसऱ्या वर्षी आजारी पडणं यात काहीच विचित्र नाही. ते नाटकही नाही आणि माहेरून आणलेलं दुखणंही नाही. अ‍ॅलर्जी विसाव्या वर्षी सुरू होऊ शकते तशी चाळिसाव्यालाही होते.

या ओलीत काय वाढतं ते सांगते. गादी-उशीत डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव असतात, कोळ्याच्या जातकुळीतले. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीवर ते जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. त्यामुळे हवेतली आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली की वाळून मरतात. बेळगावात जून ते सप्टेंबर ती तितकी खाली येतेच कुठे? त्यांच्या विष्ठेचे कण आपण रात्रभर गादीवर तोंड ठेवून आत घेतो. त्याच महिन्यांत भिंतींना ओल धरते, कपाटामागे काळे डाग पडतात, चामड्याच्या चपलांना बुरा येतो. ती बुरशीही हवेतूनच आत जाते. आमच्या घरी दिवाळीला सगळ्या गाद्या उन्हात टाकायची पद्धत होती. तोवर त्यांनी अख्खा पावसाळा पिऊन घेतलेला असायचा. आता पावसाळ्यात जरा कडक ऊन पडलं की आधी गाद्या गच्चीवर जातात, मग कपडे. चादरी-अभ्रे दर आठवड्याला साधारण 60 अंशांच्या, हात बुडवता येणार नाही अशा गरम पाण्यात भिजवते. जुन्या कापसाच्या उशा काढून टाकल्या.

दसऱ्याच्या आसपास पाऊस सरतो आणि लोक म्हणतात, आता बरी होशील. पण तोवर रिकाम्या प्लॉटांत, रस्त्याकडेला काँग्रेस गवत पांढऱ्या फुलांनी भरलेलं असतं. 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलेलं हे परदेशी गवत आज आपल्या प्रत्येक शिवारात आहे. त्याच्या परागांनी नाक-डोळे चुरचुरतात, आणि उघड्या हाताने उपटलं तर काहींच्या कातडीवर पुरळ उठतं ते महिनोन् महिने जात नाही. फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून काढलं तरच उपयोग. मग भाताची सुगी, मळणीचा भुसा. मग कारखान्यांचा हंगाम, फडात पेटवलेलं पाचट, वाळत टाकलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी. वडगाव-खासबागेत मागावरचं तूस आहे, निपाणीत तंबाखूच्या वखारी आहेत. तिथल्या बायका शिंका आणि खोकला हा कामाचाच भाग धरून चालतात याचं मला फार वाईट वाटतं.

आणि बंब. बेळगावातल्या कितीतरी घरांत अजून अंघोळीचं पाणी बंबावर तापतं. पावसात ओली झालेली लाकडं, करवंट्या, कधीकधी प्लॅस्टिकसुद्धा त्यात जातं. पहाटे उठून तो पेटवायचं काम घरातल्या धाकट्या सुनेचं. मला ज्या डॉक्टरांनी नीट तपासलं त्यांनी औषध लिहायच्या आधी विचारलं होतं, "सकाळी उठल्यावर पहिलं काम काय करता?" तोपर्यंत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. त्या दिवशी सासूबाई बरोबर आल्या होत्या. त्या ऐकून म्हणाल्या, "मला तर कित्येक वर्षं सकाळचा खोकला येतोय की. धूर म्हटल्यावर येणारच, त्यात काय एवढं." डॉक्टरांनी त्यांनाही यंत्रात जोरात फुंकर मारायला लावली. त्यांची फुप्फुसं माझ्यापेक्षा खराब निघाली. त्यांनी आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. चुलीच्या आणि बंबाच्या धुराने, कधीही न ओढणाऱ्या बाईचीही श्वासनलिका कायमची अरुंद होऊ शकते हे आम्हाला दोघींना त्या दिवशी कळलं. बाकी कुणी सांगून हललं नसतं ते काम आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते) घरी येऊन एका वाक्यात केलं : "बंब बंद. गॅसचा गिझर बसवा." गिझर बसवताना न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. बंद न्हाणीत गॅस गिझरने जीव जातात.

आता उपचारांबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. सर्दी-खोकला वाढला की गल्लीतल्या दवाखान्यात जायचं, एक इंजेक्शन, तीन रंगांच्या गोळ्या, पाच दिवसांत बरं, पंधरवड्यात परत तेच. त्या गोळ्यांत बहुतेक वेळा अँटिबायोटिक असतं. ते ना अ‍ॅलर्जीवर चालतं, ना साध्या व्हायरसच्या सर्दीवर. आणि ज्याने जादूसारखं बरं वाटतं ते इंजेक्शन पुष्कळदा स्टिरॉईडचं असतं. गावोगावच्या दम्याच्या पुड्यांमध्येही स्टिरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे. वारंवार असं घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून येणारेही आपल्याकडे आहेत. त्यांची तळमळ मला समजते, पण त्याने दमा बरा होतो याला पुरावा नाही. बंद नाकात टाकायचे दुकानातले थेंबही चार-पाच दिवसांपुढे घेऊ नयेत, नाक उलट जास्त चोंदतं.

एवढं सगळं चालतं. पंप, म्हणजे दम्याचं औषध तोंडाने आत ओढायचा इनहेलर, म्हटला की मात्र घर हादरतं. "पंपाची सवय लागते." "पंप म्हणजे शेवटची पायरी." हे शिकलेले लोकसुद्धा बोलतात. कृपा करून हा हिशेब बघा. दमा आटोक्यात ठेवणाऱ्या पंपाच्या एका डोसात साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम स्टिरॉईड असतं, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. दम लागल्यावर देतात ती स्टिरॉईडची गोळी 10, 20, 40 मिलिग्रॅमची असते आणि सगळ्या अंगभर फिरते. एक मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. ज्याला लोक घाबरतात ते औषध, ज्याला घाबरत नाहीत त्याच्यापेक्षा कैक पटींनी कमी आहे. पंप घेतल्यावर चूळ भरायची, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतला तर औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं, एवढंच सांभाळायचं. सवय लागत नाही. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी मुलाला फळा न दिसता बसवत नाही ना, तसंच हे.

दम लागला की ओढायचा निळा पंप आणि रोजचा पंप वेगळे असतात हेही अनेकांना कुणी सांगत नाही. निळ्याने श्वासनळ्या चार-सहा तासांपुरत्या उघडतात, आतली सूज तशीच राहते. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा ठेवू नका असं स्पष्ट म्हटलंय. तरीही माझ्या ओळखीच्या निम्म्याअधिक घरांत तेवढा एकच पंप असतो. आणि अ‍ॅलर्जी-दम्यावर आजकाल सर्रास लिहून देतात त्या मॉन्टेलुकास्टच्या गोळीने काहींची झोप उडते, मन उदास होतं, मुलं चिडचिडी होतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला आहे. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, पण असं काही जाणवलं तर डॉक्टरांना जरूर सांगा.

माझ्या ओळखीची एक मुलगी, नवीन लग्न झालेली, पंप साडीच्या घडीत ठेवते. नवरा झोपल्यावर न्हाणीत जाऊन ओढते. माहेरच्यांनी सांगून पाठवलंय, कळू देऊ नकोस. दिवसा पायऱ्या चढताना धाप लागली की "रक्त कमी आहे" म्हणते. मला हे ऐकवत नाही. दमा नीट औषधावर असला की बाई शेतात राबते, गड चढते, तिची बाळंतपणं सुखरूप होतात. गरोदरपणात तर पंप बंद करणंच जास्त धोक्याचं, कारण आईला ऑक्सिजन कमी पडला तर बाळालाही कमी पडतो. स्थळ बघताना मुलाचा पगार आणि गुंठे उघड विचारता, मग दमा आहे का हेही उघड बोला, दोन्हीकडून. आणि सांगितल्यावर नाक मुरडू नका. मुलीच्या आईवडिलांना लपवावंसं वाटतं ते तुमच्या त्या नाक मुरडण्यापायीच.

नवऱ्यांनाही सांगायचं आहे. बायकोला दवाखान्यात सोडून बाहेर गाडीवर बसू नका. आत चला. घरात धूर कुठून येतो, गादी किती जुनी, सिगारेट कोण ओढतं, याची उत्तरं तुमच्याकडेही आहेत. खेड्यातून आलेल्या बाईला डॉक्टरांचं कन्नड कळत नाही, रिपोर्टमधलं इंग्रजी कळत नाही, आणि विचारायचा संकोच वाटतो. बेळगावातले बहुतेक डॉक्टर मराठी चांगलं बोलतात, फक्त त्यांना मराठीत सांगा म्हणायचं धाडस कुणीतरी करावं लागतं.

सगळा खोकला अ‍ॅलर्जीचाच असतो असंही धरून चालू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त यांतलं काही असेल तर आधी क्षयाची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. त्यातही लाजण्यासारखं काही नाही. अ‍ॅलर्जीची कातडीवरची टेस्ट करायची असेल तर शिंकांच्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आधी विचारून घ्या, साधारण पाच-सात दिवस बंद लागतात, नाहीतर टेस्ट फुकट जाते. खर्चाचा प्रश्न खरा आहे. काही पंप जनऔषधी दुकानात बरेच स्वस्त मिळतात, चौकशी करा. रोजचा पंप पाऊस लागायची वाट न बघता मृगाच्या आधीपासून नीट सुरू ठेवला की माझा पावसाळा आता बऱ्यापैकी जातो. शिंका अजून येतात. रात्रीची झोप मात्र परत मिळाली.

घरात दम्याचं कुणी असेल तर एवढं सगळ्यांना माहीत हवं, शाळकरी मुलांनासुद्धा. दोन शब्दांपलीकडे वाक्य पुरं होत नाही, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ-नखं निळसर दिसतात, निळ्या पंपाने आराम पडत नाही, असं झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि आडवं झोपवायचंही नाही. बसवून ठेवा, 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगून ठेवलेल्या प्रमाणात स्पेसरमधून निळा पंप देत राहा. आमच्याकडे ते प्रमाण कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात. आत्यांनीच लिहून घेतलं माझ्याकडून.