ती फाइल कचरा नाही, तुमचा डेटा आहे

‘एसक्यूलाइटच्या नादी लागू नका’ हा पाच मुद्द्यांचा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. एसक्यूलाइट म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस. मी सोडून दिला होता. रविवारी भाचीचा फोन आला, "मामा, दुपारभर भरलेली पुस्तकं गेली." वाचनालयाची यादी करत होती पोरगी, आणि मेसेजमध्ये सांगितलं तसंच वागली होती.

म्हणे, ‘मध्येच हँग होतं, खिडकी बंद करा’. हँग वगैरे काही होत नाही. तिने सिलेक्टची ओळ, म्हणजे नोंदी दाखवायचा आदेश, लिहून एंटर दाबलं, खाली ...> आलं. म्हणजे ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिलाय, तो टाका. एवढंच! मग बाहेर पडायचं तर डॉट क्विट (.quit) हा आदेश. तिने खिडकीच बंद केली.

त्यापुढचा सल्ला तर घातकच आहे: ‘वेगासाठी डब्ल्यूएएल मोड लावा आणि शेजारी साचणाऱ्या फालतू फाइली उडवा’. अहो, डब्ल्यूएएल म्हणजे ‘राइट-अहेड लॉग’, आधी लिहून ठेवायची वही; या मोडमध्ये नव्या नोंदी आधी त्या ‘-डब्ल्यूएएल’ फाइलमध्येच जातात, मुख्य फाइलमध्ये नंतर उतरतात. नीट बाहेर पडलं की नोंदी मुख्य फाइलमध्ये उतरतात आणि ती फाइल आपोआप पुसली जाते. खिडकी धाडकन बंद केली, की नोंदी तिच्यातच राहतात. तीच फाइल भाचीने डिलीट केली. एसक्यूलाइटच्या स्वतःच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय: ही फाइल डेटाबेसचाच भाग आहे, वेगळी केली तर पक्क्या झालेल्या नोंदी जाऊ शकतात, मुख्य फाइलही बिघडू शकते. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान तरी वाचायचं होतं. कॉपी हवी तर डॉट बॅकअप (.backup) हा आदेश आहे, चालू डेटाबेसचीही नीट प्रत निघते.

एसक्यूलाइट ‘खेळणं आहे’ म्हणे. प्रत्येक अँड्रॉइड आणि आयफोनमध्ये ते चालतं, अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस डेटा जपायला या फॉरमॅटची शिफारस करते. ‘एका वेळी एकालाच लिहिता येतं’ हे मात्र खरं. वाचनालयाच्या एका टेबलावर त्याने काय अडतं?

राहिलं ‘आकड्याच्या रकान्यात काहीही घुसतं’. यात तथ्य आहे, मान्य करतो. किमतीत ‘दोनशे’ असं अक्षरी लिहिलं तरी मुकाट्याने घेतं. पण 2021 पासून टेबल बनवतानाच स्ट्रिक्ट (STRICT) हा शब्द लिहायची सोय आहे, मग ते नाकारतं.

भाची पुन्हा नोंदी भरतेय. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान फाइली उडवण्याचा सल्ला चुकीचा असल्याचं आजच कळवा.