आधी स्क्रू तरी काढून बघा

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितेय. वेळ असेल तर वाचा.

सकाळी इथं कोल्हापुरात बंद पडलेला मिक्सर घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले होते. कुठलं ते लिहीत नाही, सगळीकडं हीच तऱ्हा आहे. काउंटरवरच्या पोरानं प्लग लावला, बटण फिरवलं, आवाज आला नाही, विषय संपला. "मॅडम, ह्याचे पार्ट यायचे बंद झालेत. एक्सचेंजला टाका, चार हजारात नवीन देतो." म्हटलं, अरे, आत काय बिघडलंय ते तर बघ. तर म्हणे, नुसता उघडायचाही चार्ज पडतो, तुम्हाला परवडणार नाही.

मला काय परवडतं ते हा ठरवणार!

तसाच मिक्सर पिशवीत घातला आणि उद्यमनगर गाठलं. तिथं आतल्या बोळात एक मामा बसतात. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी, काय न्याल ते उघडतात. त्यांनी मिक्सर पालथा घातला, स्क्रू काढले, खालचं झाकण बाजूला ठेवलं. आत चटणीची तांबडी पूड आणि खोबऱ्याचा तेलकट थर. ब्रशनं सगळं झाडलं. मग मोटारीच्या कडेचा कार्बन काढून माझ्या हातावर ठेवला. एवढासा काळा तुकडा, झिजून झिजून नखाएवढा उरलेला. "वैनी, मोटर झ्याक हाय. कार्बन संपलाय निस्ता." नवी जोडी घातली, स्प्रिंग दाबून बसवली, बटण फिरवलं आणि मिक्सर पहिल्यासारखा गरजायला लागला. किती झाले? एकशे वीस रुपये.

चार हजार कुठं आणि एकशे वीस कुठं. चार हजारात आमच्या घरचं जवळजवळ महिन्याचं दूध येतं. वर्षभर तांबड्या रश्शाचं वाटण, शेंगदाण्याचा कूट, इडलीचं पीठ, सगळं ह्याच मिक्सरवर होतं. तो चांगला धडधाकट असताना त्याला भंगारात काढायला निघाले होते हे लोक, आणि तेही स्क्रू न काढता.

कार्बन हा झिजण्यासाठीच असतो. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवताना तो घासतो आणि संपतो. भांड्याखालचा कपलरसुद्धा तसाच. काही अडकलं की आधी त्याचे दात जावेत आणि मोटर वाचावी, म्हणून तो मऊ असतो. म्हणजे बनवणाऱ्यानंच बदलायची सोय करून ठेवलीय आणि विकणारा सांगतोय फेकून द्या. आणि मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला तर कुणाकडं न्यायच्याही आधी त्याच्या तळाशी हात घाला. बहुतेक मिक्सरना तिथं लाल बटण असतं. लोड जास्त झाला की ते बाहेर येतं. थोडं थंड होऊ द्या, दाबा, चालू होतो. ते माहीत नसल्यानं किती मिक्सर घराबाहेर गेले असतील देव जाणे.

कुकरचीही तीच गत. शिट्टी होत नाही, वाफ कडेनं जाते, की निघाला कुकर भंगारात. अहो, रिंग सैल झालेली असते. लक्ष्मीपुरीत मिळते, पण जाताना जुनी रिंग किंवा झाकण बरोबर न्या, नाहीतर माप चुकतं.

आमच्या बिल्डिंगमधली एक पोरगी संध्याकाळी जिन्यात भेटली. स्वभावानं गोड आहे, राग नाही तिच्यावर. म्हणाली, "काकू, एवढ्यासाठी कशाला उन्हात हिंडलात? सेल चालू आहे की." तिला वाटतं मी पैशाला चिकटून बसलेय. बाळ, पैसा कष्टाचा आहे, तो वाचवायची मला अजिबात लाज वाटत नाही. पण नुसता पैशाचा प्रश्न नाही गं. सकाळी कचऱ्याचा टिपर येतो तेव्हा त्यात काय काय पडतं ते एकदा थांबून बघ. इस्त्री, पंख्याची पाती, चार्जरच्या वायरी, खेळणी, सगळं भाजीच्या देठांत आणि शिळ्या भातात कालवलेलं. हे जातं कुठं? कसबा बावड्यात, लाईन बझारच्या झूमवर, म्हणजे कचरा डेपोवर. तिथं ढीग पेटला की धूर कुणाच्या घरात शिरतो? तिथंही आपल्यासारखीच लेकराबाळांची घरं आहेत. आपला ओटा लख्ख झाला की आपण मोकळे, असं कसं चालेल?

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. जुनाट फ्रिज वीज खातो, तो बदललेला परवडतो, मान्य. गॅसची रबरी नळी तर पाच वर्षांनी बदलायचीच, तिथं काटकसर नको. बास, एवढंच.

सरकारी कागदावर सगळं छान आहे. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं राईट टू रिपेअर म्हणून पोर्टल काढलं, म्हणजे दुरुस्ती करून घेणं हा ग्राहकाचा हक्क. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. पण काउंटरवरच्या पोराला विक्रीचं टार्गेट आहे, दुरुस्तीचं नाही. त्याला तरी काय बोलायचं? वरून जे सांगितलंय तेच तो बोलणार.

मला जास्त लागलं ते मामांचं. कार्बन बसवता बसवता सांगत होते, पोरगा ह्या धंद्यात आला नाही, पुण्याला कंपनीत आहे. बरं केलं म्हणाले. दिवसभर मान मोडून बसायचं आणि गिऱ्हाईक वीस रुपयांसाठी हुज्जत घालणार. माझ्यासमोरच एकजण घालत होता! हातात महागडा फोन, आणि पंख्याच्या बेअरिंगचे पैसे जास्त झाले म्हणून आवाज चढवलेला. मॉलमध्ये छापील किंमत गुपचूप देतो आपण, तिथं तोंडातून शब्द फुटत नाही. हात काळे करून आपली वस्तू जिवंत करणाऱ्या माणसाशी मात्र भाव करायचा. संताप येतो मला ह्याचा.

आणि हे कोल्हापुरात व्हावं! ज्या गावाच्या फौंड्र्यांत भंगार वितळवून नवं ओतकाम होतं, म्हादबा मेस्त्रींसारखे कारागीर जिथं होऊन गेले, त्या गावात मिक्सर उघडणारा माणूस शोधत फिरावं लागतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (ह्याच भागाची वस्तू अशी सरकारी नोंद) मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले. पण चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला आपल्यातले कितीजण गेलो? चांगली चप्पल परत परत शिवता येते, हाच तर तिचा मोठा गुण.

मामांना मी दीडशे दिले. ते तीस परत द्यायला लागले, म्हटलं राहू दे, चहा घ्या. घेत नव्हते, शेवटी ठेवले.

आता एक काम करा. तुमच्या भागात मिक्सर, कुकर, इस्त्री, छत्री, पिशव्यांच्या चेन, शिलाई मशीन, ह्यातलं काहीही दुरुस्त करणारं कुणी असेल तर खाली लिहा. दुकान कुठल्या गल्लीत, कुठल्या देवळाजवळ, किती वाजता उघडं असतं, एवढं पुरे. फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर, राजारामपुरी, कसबा बावडा, सगळीकडचं येऊ दे. रविवारी बसून मी यादी नीट लावते आणि परत पोस्ट करते. आमच्या शेजारच्या आजींची इस्त्री सोमवारी न्यायचीय, त्यामुळं इस्त्रीवाल्याचं आधी सांगा.